पहिला शोधक येण्याआधी

चि. सौ. म्हणायला अजून वेळ आहे, म्हणून नुसतंच चि. लिहितो. अनेक आशीर्वाद.

पेटंट एजंट म्हणून तुझी नोंदणी झाली, फार बरं वाटलं. आता शोधक येऊ लागतील. आला की लगेच फॉर्म पुढे करू नकोस. आधी विचार, हे कुठे दाखवलंय का? आपल्याकडे यंत्र तयार झालं की ते आधी कृषी प्रदर्शनात मांडतात, व्हिडिओ टाकतात, चार लोकांनी पाठ थोपटली की मग पेटंटचं बघतात. तोवर नावीन्य गेलेलं असतं. पेटंट कायद्याच्या कलम 31 ची 12 महिन्यांची सवलत सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना आहे, तालुक्याच्या मेळाव्याला नाही. दाखवलं नसेल, तर प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक अर्ज टाक आणि सरळ वर्कशॉप गाठ.

हळद पॉलिश करायचा ड्रम घेऊन एक जण माझ्याकडे आला होता. खासियत मोटरमध्ये आहे, असं ठासून सांगत होता. जाऊन पाहिलं तर मोटर बाजारातलीच. खरी करामत होती ड्रमच्या आतल्या तिरक्या पट्ट्यांत. कंद तुटू नयेत म्हणून त्याने त्या बसवल्या होत्या, आणि त्यात काही विशेष आहे असं त्याला वाटतच नव्हतं! क्लेममध्ये, म्हणजे शोधातल्या नेमक्या कशावर हक्क मागतोय ते सांगणाऱ्या भागात, ‘वेल्ड केलेल्या पट्ट्या’ लिहिलं असतं, तर दुसऱ्याने त्याच पट्ट्या नटबोल्टने बसवून धंदा केला असता. पट्ट्या सोडून नुसता ‘फिरणारा ड्रम’ लिहिला असता, तर परीक्षकाने जुनी दहा यंत्रं दाखवली असती. पट्ट्यांचा कोन, त्यांच्यातलं अंतर, बसवायच्या वेगवेगळ्या पद्धती, सगळं पूर्ण अर्जाच्या वर्णनात पहिल्यापासून हवं. तो दाखल झाल्यावर नवा मजकूर घालता येत नाही.

एफईआर, म्हणजे परीक्षकाचा हरकतींचा पहिला अहवाल, आला की शोधक हबकतो. तू हबकू नकोस. उत्तराला सहा महिने असतात. परीक्षकाने पुढे केलेलं जुनं पेटंट नुसत्या सारांशावर सोडू नकोस, आकृत्यांसकट वाच.

पेटंट ऑफिस कडक असावं, असं माझं ठाम मत आहे. मार्च 2023 मध्ये मुंबई कार्यालयाने क्षयरोगावरच्या बेडाक्विलिन या औषधाच्या क्षाराचा पेटंट अर्ज फेटाळला. विरोध नोंदवला होता मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी. दोघी क्षयातून वाचलेल्या, दोघींची श्रवणशक्ती उपचारांतच गेलेली. मंजुरीआधी असा विरोध कुणालाही करता येतो. जुन्या औषधाचा नवा क्षार घेऊन कुणी तुझ्याकडे आलं आणि परिणामकारकता वाढल्याचा पुरावा नसेल, तर फी घेण्याआधीच, अशा नव्या रूपाला पेटंट नाकारणारं कलम 3(ड) समोर ठेव.

आणि शोधकाला पैशाचं स्पष्ट सांग. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 1,600 रुपये आहे, पण तिसऱ्या वर्षापासूनची नूतनीकरण फी विसाव्या वर्षापर्यंत चालते. पेटंट मिळालं म्हणून गिऱ्हाईक मिळत नाही, हेही त्याला आधीच कळू दे.

पहिला ड्राफ्ट मला पाठव. आधी फक्त क्लेम, वर्णन नंतर.