‘सुरावट’ म्हणजे नेमकं काय? चाल आणि सुरावट एकच ना?

एकच नाही. मी ग्वाल्हेरचा, तिथल्या लश्कर भागात वाढलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, त्यामुळे या शब्दांशी झटापट लहानपणीच झाली. एकदा शाळेत मित्राला म्हणालो, “इस गाने की चाल बहुत अच्छी है.” तो हसतच सुटला. “गाना चलता भी है?” हिंदीत चाल म्हणजे चालण्याची ढब, नाहीतर डाव. गाण्याची असते ती धुन किंवा तर्ज.

मराठीत चाल लागते ती शब्दांना. अभंग एक आणि चाली दहा, असं होतंच. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत तर पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच गाण्याची ओळ छापलेली असे. पद तिच्यावर म्हणायचं. सुरावटीचं शब्दांवाचून काही अडत नाही. सनईची सुरावट असते, फोनच्या रिंगटोनचीही असते. म्हणून ‘कवितेला सुरावट लावली’ असं कुणी लिहिलं की मला खटकतं. लावतात ती चाल.

पण नुसते सूर म्हणजेही सुरावट नव्हे. भूप आणि देशकार हे दोन राग घ्या. दोन्हींत सूर तेच पाच : सा रे ग प ध. भूप गंधारावर, म्हणजे ‘ग’वर विसावतो : ग रे सा ध, सा रे ग. देशकाराचा जीव धैवतात, म्हणजे ‘ध’मध्ये, तो वरच्या सुरांच्या अंगाने येतो : ध प, ग प, ग रे सा. भूप रात्रीचा, देशकार सकाळचा. आमच्या गल्लीतल्या गणपतीत मी भूप गायलो आणि टाळ्यांच्या आशेने धैवतावर जाऊन बसलो, पुन्हा पुन्हा. पुढे बसलेले एक आजोबा मोठ्याने म्हणाले, “अरे बाळा, रात्री नऊला उजाडवलंस की!” हद्दू-हस्सू खाँसारख्या ख्यालगायकांच्या गावात असे श्रोते भेटायचेच. सूर एकही चुकला नव्हता, सुरावट बदलली होती. कुठल्या सुरावरून कुठे गेलात आणि कुठे थांबलात, सगळी गोम त्यात आहे.

गाण्याच्या क्लासात मात्र हा शब्द मी फारसा ऐकला नाही. राग सुरासुरांतून कसा पुढे सरकतो त्याला गुरुजी ‘चलन’ म्हणायचे, एखादा तुकडा आवडला तर “काय जागा घेतलीस!” सुरावट हा जास्त करून ऐकणाऱ्याचा आणि लिहिणाऱ्याचा शब्द. ‘ओळखीची सुरावट कानावर आली’, ‘बासरीच्या सुरावटी’, अशा वाक्यांत तो शोभतो.

आणि ‘सुरेल’शी त्याची गल्लत करू नका. सुरेल हा गुण झाला. माझी आत्या तांदूळ निवडताना ओठ मिटून गुणगुणते. ती सुरेल अजिबात नाही, पण कुठलं गाणं चाललंय ते जिन्यातच कळतं.