चाकं बदलताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक): मारुतीच्या फोर-व्हील जिम्नीला कंपनीचे १९५/८० आर१५ टायर आहेत. पावसाळ्यात हरसूल, पेठकडच्या कच्च्या वाटांवर जाणं होतं. दुकानदार म्हणतो, त्याच रिमवर २३५/७५ आर१५ बसतील. बसवू का?

उत्तर: नको. जिम्नीची रिम साडेपाच इंच रुंद आहे आणि २३५/७५ला किमान सहा इंची रिम लागते. टायर चढेल, हवाही धरेल. पण त्याच्या बाजू रिमबाहेर फुगून राहतील, घाटातल्या वळणावर गाडी डुलेल आणि टायर मधोमध आधी झिजेल.

आता उंचीचा हिशेब बघा. १९५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते. १९५चे ८० टक्के म्हणजे १५६ मिलिमीटर. हे वर आणि खाली असं दोनदा धरायचं, त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळवायचे, की एकूण ६९३. याच रीतीने २१५/७५ येतो ७०३.५ आणि २३५/७५ येतो ७३३.५. गाडी मात्र या फरकाच्या निम्मीच उचलली जाते. म्हणजे २३५ घेऊनही पोटाखाली जेमतेम २० मिलिमीटर वाढतात. त्यासाठी प्रत्येक गिअर सहा टक्क्यांच्या आसपास जड होतो, दगडांतून रांगताना पहिल्या गिअरची ताकद तेवढी घटते आणि काटा ८० दाखवत असताना गाडी पूर्वीपेक्षा ताशी चार-पाच किलोमीटर जास्त पळत असते.

तुमच्या वाटांना २१५/७५ आर१५, ऑल-टेरेन नक्षीचा, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा टायर पुरेसा आहे. तो साडेपाच इंची रिमवर नियमात बसतो. टायरवरचा भार-निर्देशांक ९६ किंवा त्याहून वरचा असू द्या. ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो. कडेवरचे चार अंकही वाचा: ३२२४ म्हणजे २०२४चा ३२वा आठवडा. दोन-तीन वर्षं दुकानात पडून असलेला टायर नवा म्हणून घेऊ नका.

टायर पाचही बदला. मागच्या दारावरची स्टेपनी जुन्या मापाची राहिली आणि पंक्चरनंतर तीच लावून फोर-व्हील टाकलं, तर पुढच्या-मागच्या चाकांचे फेरे जुळत नाहीत आणि तो ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीवर येतो. ही चूक फार महागात पडते.

बसवून झाल्यावर चाकाच्या कमानीच्या आतल्या प्लास्टिकला खडू फासा. पुढचं एक चाक फूटभर उंच दगडावर चढवून स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा. खडू पुसला गेला तर टायर तिथे घासतोय. बंपरचा आतला कोपरा आणि चाकामागचा दांडाही बघा. तिथे किमान बोटभर जागा हवी.

२१५ हेही कंपनीचं माप नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार निर्मात्याने दिलेल्या तपशिलात मनाने बदल करता येत नाही. त्यामुळे पैसे मोजण्याआधी विमा कंपनीला आणि आरटीओत लेखी विचारून घ्या.

प्रश्न (निफाड): जुन्या बाजारात पाच छिद्रांच्या अलॉय रिम मिळताहेत. जिम्नीला लागतील का?

उत्तर: पाच छिद्रं आहेत एवढ्यावर जाऊ नका. जिम्नीला आणि जिप्सीला बोल्टचं वर्तुळ, म्हणजे सगळ्या छिद्रांच्या मध्यांतून जाणारं वर्तुळ, १३९.७ मिलिमीटर व्यासाचं लागतं. दुकानात टेप लावून शेजारशेजारच्या दोन छिद्रांच्या मध्यांतलं अंतर मोजा. ते ८२ मिलिमीटर भरायला हवं. मग मधलं भोक हबवर घट्ट बसतंय का बघा आणि रिमच्या आत कोरलेला ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर), म्हणजे ‘ईटी’चा आकडा, तुमच्या मूळ रिमशी ताडा. तो बराच कमी असेल तर चाक बाहेर येतं, कमानीला घासतं आणि बेअरिंगवर भार वाढतो. नटाचा उतार रिमच्या खाचेत पूर्ण बसला पाहिजे. नट एक सोडून एक, चांदणीच्या क्रमाने आवळा आणि ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा आवळा.

प्रश्न (दिंडोरी): बागेच्या काळ्या रानात गाडी अडकते. मड-टेरेन, म्हणजे चिखलासाठीचे टायर घेऊ? हवा किती ठेवू?

उत्तर: काळी माती ओली झाली की नक्षीच्या खाचांत लोण्यासारखी भरते आणि टायर गुळगुळीत होतो. मड-टेरेनच्या रुंद खाचा ती माती फेकतात, पण त्यासाठी चाक जरा वेगात फिरावं लागतं. रस्त्यावर हा टायर आवाज करतो आणि ओल्या डांबरावर ब्रेकला कमी धरतो. महिन्यातून चार दिवस रानात आणि बाकी डांबरावर असाल तर ऑल-टेरेनच घ्या.

खरा फरक हवेने पडतो. चिखलात शिरण्याआधीच हवा १८ ते २० पीएसआयवर आणा. अडकल्यावर उतरवली तर फायदा निम्मा. साध्या रिमवर १५च्या खाली जाऊ नका, टायर रिमवरून सुटतो. कमी हवेवर ताशी ३०च्या वर नको आणि झटक्यात वळण नको. बांधाजवळ बेसाल्टच्या कपच्या असतील तिथे फार कमी हवा ठेवू नका, कारण टायर बाजूने चिरला तर पंक्चरचा धागा त्याला चालत नाही. डांबरावर चढण्याआधी दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरइतकी हवा पुन्हा भरा. त्यासाठी बॅटरीवर थेट लागणारा कंप्रेसर आणि वेगळा गेज गाडीतच ठेवा.