वडिलांच्या वतीने कोणी बोलायचे?

प्रश्न : माझे ७८ वर्षांचे वडील पक्षाघातानंतर २६ दिवस व्हेंटिलेटरवर आहेत. ते कोणालाही ओळखत नाहीत आणि डॉक्टरांनी आशा सोडली आहे. ‘मला नळ्या लावून ठेवू नका’ असे ते आईला अनेकदा म्हणत, पण लेखी काहीच नाही. थोरले बंधू म्हणतात, यंत्र काढणे म्हणजे खून. रुग्णालय म्हणते, ‘डामा’वर सही करा आणि घरी न्या. आम्हाला न्यायालयात जावे लागेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : बहुधा नाही, मात्र ‘डामा’ हाही मार्ग नव्हे. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णाला नेत असल्याच्या त्या सहीने जबाबदारी तुमच्यावर येते, आणि घरी वडिलांचा श्वास घुसमटला तर ती तगमग कमी करणारे औषध द्यायलाही जवळ कोणी नसते.

न्यायालयात जावेच लागते, ही समजूत २०११ सालची आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर मेंदूच्या इजेमुळे अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना अन्न देणे थांबवावे, अशी लेखिका पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने विराणींना न देता केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. त्यांना भरवणारी, कूस बदलणारी, इतक्या वर्षांत अंगावर एकही शय्याव्रण होऊ न देणारी ती माणसे होती, आणि त्यांना अरुणाताई हव्या होत्या. (पुढे १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.) याच निकालाने उपचार थांबवण्याची वाट तत्त्वतः मोकळी केली, पण प्रत्येक वेळी उच्च न्यायालयाची मंजुरी घेण्याची अट घातली.

ती अट आता नाही. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये येतो असे मानले आणि २४ जानेवारी २०२३ रोजी कार्यपद्धती सोपी केली. रुग्णाने आधी काही लिहून ठेवलेले नसले, तरी उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असे प्राथमिक मंडळ रुग्णालयच नेमते. त्यानंतर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला डॉक्टर असलेले दुसरे मंडळ तोच निर्णय पुन्हा तपासते, आणि दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे असे अपेक्षित आहे. आप्तांची लेखी संमती लागते. उपचार काढण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना केवळ कळवायचे असते. दोन्हींपैकी एखाद्या मंडळाने नकार दिला, तरच उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते.

बंधूंची भीती समजण्याजोगी आहे, पण कायदा इथे फरक करतो : इंजेक्शन देऊन जीव घेणे आजही गुन्हाच आहे, तर वरील पद्धतीने निरुपयोगी उपचार थांबवणे म्हणजे आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देणे. तरीही त्यांच्या विरोधात पुढे जाऊ नये, असे माझे मत आहे. मंडळाच्या डॉक्टरांनीच त्यांच्याशी बोलावे, कारण धाकट्या भावंडांचे बोलणे अशा वेळी आरोपासारखे ऐकू येते.

प्राथमिक मंडळ नेमण्याची मागणी आजच लेखी द्या. वडील नळ्यांबद्दल कधी, कोणासमोर, नेमके काय म्हणाले, हे आईकडून तिच्याच शब्दांत उतरवून सोबत जोडा.