मनिलाची लढत खरंच बरोबरीची होती का?

तुमचा प्रश्न असा: मनिलातल्या मुहम्मद अली आणि जो फ्रेझियर यांच्या बॉक्सिंग लढतीला जो तो ‘घासून झालेली’ म्हणतो, पण गुण पाहिले तर अली चांगलाच पुढे होता. मग खरं काय?

दोन्ही खरं आहे. आपण एका शब्दात दोन वेगळे प्रश्न विचारतो, म्हणून भांडण होतं. फेऱ्या कोणी जिंकल्या हा एक प्रश्न, आणि कोण किती मोडला हा दुसरा. गुणपत्रिका फक्त पहिल्याचं उत्तर देते. कुस्ती बघणाऱ्याला हे लगेच कळेल: गुणांवर पुढे असलेला मल्ल शेवटच्या मिनिटाला चितपट होऊ शकतो, आणि त्यामुळे आधीचे गुण खोटे ठरत नाहीत.

१ ऑक्टोबर १९७५ ला चौदा फेऱ्यांनंतर लढत थांबली, तेव्हा गुण देणाऱ्या तिघांचे आकडे अलीच्या बाजूने ६६-६०, ६७-६२ आणि ६६-६२ असे होते. फेरी जिंकणाऱ्याला पाच गुण, हरणाऱ्याला त्याहून कमी, अशी ती पद्धत. म्हणजे पंधरावी फेरी फ्रेझियरने साधी जिंकली असती तरी काही उपयोग नव्हता, त्याला नॉकआउटच हवा होता. ‘एक फेरी अजून मिळाली असती तर’ म्हणणारे हे विसरतात.

पण मी ही लढत आवाज बंद करून, प्रत्येक फेरीनंतर थांबून, वहीत गुण लिहीत पाहिली आहे. सुरुवातीच्या फेऱ्या अलीच्या, त्यात वाद नाही. सहाव्या फेरीत फ्रेझियरचे दोन डावे हूक (बाजूने वळवून मारलेले ठोसे) बसतात, ते बघून मी पेन खाली ठेवलं होतं. अलीची मान ज्या तऱ्हेने फिरते, ते पाहिल्यावर हा माणूस अजून आठ फेऱ्या कसा उभा राहिला हेच कळत नाही. मधल्या फेऱ्यांत फ्रेझियर खाली वाकून, दोरांपाशी गाठून त्याच्या बरगड्यांवर मारत राहतो. त्यातल्या तीन फेऱ्या मी फ्रेझियरला दिल्या आणि दुसऱ्या खेपेला त्यातली एक अलीला दिली. गुणांचा फरक अशा फेऱ्यांतच पडतो.

शेवटच्या तीन फेऱ्यांत मात्र काही शंका नाही. फ्रेझियरच्या डाव्या डोळ्याला मोतीबिंदूमुळे आधीच कमी दिसत होतं, आणि आता उजवा सुजून मिटत चालला होता. अलीचा उजवा हात येताना त्याला दिसतच नव्हता. तेराव्या फेरीत त्याचा माउथगार्ड उडून बाहेर पडला. चौदावी संपल्यावर त्याचे प्रशिक्षक एडी फ्युच यांनी त्याला खुर्चीवरून उठू दिलं नाही. तो निर्णय मला आजही शंभर टक्के बरोबर वाटतो. आणि जिंकलेला अली उभा राहिला आणि तिथेच खाली कोसळला. गुणांचा फरक आणि ही अवस्था, दोन्ही एकाच लढतीतलं आहे.

याची उलटी बाजू पाहायची असेल तर १७ मार्च १९९० ची चावेझ-टेलर लढत घ्या. तीनपैकी दोन परीक्षकांकडे टेलर १०७-१०२ आणि १०८-१०१ असा पुढे होता, तिसऱ्याकडे चावेझ एका गुणाने. शेवटच्या फेरीत टेलर खाली पडला, उठला, रेफरी रिचर्ड स्टील यांनी विचारलं तेव्हा नीट उत्तर आलं नाही, आणि दोन सेकंद बाकी असताना लढत थांबली, म्हणजे टेलर हरला. दोघांच्या गुणांनी एकतर्फी. पण टेलरचा चेहरा बघा, तो रक्त गिळत लढत होता. जो ‘जिंकत’ होता, तोच जास्त झिजत होता.

हॅगलर-लिओनार्डचा (६ एप्रिल १९८७) वाद वेगळ्या जातीचा आहे. एका परीक्षकाने हॅगलरला ११५-११३ दिले, दुसऱ्याने तेच लिओनार्डला, आणि तिसऱ्याने लिओनार्डला ११८-११०. हा शेवटचा आकडा बघून लोक चिडतात, मीही चिडतो. पण तो कसा येतो हे समजून घ्या: लढत चुरशीची असणं आणि फेऱ्या चुरशीच्या असणं यात फरक आहे. बारा फेऱ्या प्रत्येकी केसाच्या फरकाने गेल्या आणि परीक्षकाचा कल दर वेळी एकाच बाजूला झुकला, तर कागदावर एकतर्फी निकाल दिसतो. लिओनार्ड फेरीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात ठोशांचा पाऊस पाडायचा. मूळचा डावखुऱ्या पवित्र्यातला हॅगलर, पण पहिल्या काही फेऱ्या त्याने उजव्या पवित्र्यात लढून स्वतःहून सोडल्या, असं माझं मत आहे.

किन्शासातल्या अली-फोरमन लढतीबद्दल (१९७४) थोडक्यात. ‘अली सात फेऱ्या मार खात होता आणि आठवीत जादू झाली’ ही दंतकथा आहे. तिन्ही परीक्षकांकडे अलीच पुढे होता. दोराला टेकलेला माणूस हरतोय असं आपल्याला वाटतं, पण त्याच वेळी अलीचे सरळ ठोसे फोरमनच्या तोंडावर बसत होते, ते मोजा.

आणि आपल्या मेरी कोमची टोकियो ऑलिंपिकमधली लढत आठवा. दुसरी आणि तिसरी फेरी तिने ३-२ ने (पाचपैकी तीन परीक्षकांकडे) घेतली, तरी निकाल प्रतिस्पर्धी व्हॅलेन्सियाच्या बाजूने ३-२, कारण पहिली फेरी ४-१ ने गेली होती आणि प्रत्येक परीक्षकाची बेरीज स्वतंत्र असते. ‘दोन फेऱ्या जिंकून हरली कशी’ असं विचारत लोक रात्रभर चिडले होते. तो राग मला कळतो, पण फसवणूक झाली नव्हती.

तेव्हा मनिला पुन्हा लावाल तेव्हा वहीत दोन रकाने करा: एकात फेरी कोणाची, दुसऱ्यात फेरी संपल्यावर कोण किती सावकाश खुर्चीकडे जातोय. माझ्या वहीत पहिल्या रकान्यात अली नऊ फेऱ्यांत पुढे आहे. दुसऱ्या रकान्यात दहाव्या फेरीपर्यंत बहुतेक ठिकाणी अलीचंच नाव आहे.