२० बॉक्स लावले, आता नोकरी सोडू का?

“बॉक्स तयार आहे. वीस शेतकऱ्यांकडे लावलाय, सगळे म्हणतात एक नंबर. महिन्याला पन्नास विकले तर नोकरीची गरज नाही. सोडू का?” द्राक्षपट्ट्यातला हा तरुण इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून एमआयडीसीत नोकरीला आहे. ‘स्मार्ट’ वस्तू घेऊन धंद्यात उतरू पाहणारी बहुतेक मुलं सल्ल्यासाठी हाच प्रश्न घेऊन येतात, फक्त वस्तू वेगळी असते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

त्याची वस्तू म्हणजे शेतातली मोटर मोबाइलवरून चालू-बंद करणारा बॉक्स. शेतीला थ्री-फेज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. रात्री दोनला विहिरीवर जायचं म्हणजे साप, विंचू आणि त्या भागात बिबट्या. गरज खरी आहे, त्याबद्दल वाद नव्हता.

त्यानं वही पुढे केली. पान नीटनेटकं: सुटे भाग १,८७०, विक्री ४,५००, नफा २,६३०. खाली दोन रेघा मारलेल्या. त्या पानाकडे जाण्याआधी त्याला एकच काम सांगितलं, फोनवर डॅशबोर्ड उघडून वीसपैकी आत्ता किती बॉक्स ऑनलाइन आहेत ते मोजायचं.

तेरा निघाले.

उरलेल्या सातांची कारणं त्याला पाठ होती, फक्त त्यानं ती कधी एकाखाली एक लिहिली नव्हती. तीन ठिकाणी सिमचं रिचार्ज संपलेलं. सिम शेतकऱ्याच्याच नावावरचं, जुन्या फोनमधलं, आणि रिचार्ज कुणी करायचं यावरून घरात टोलवाटोलवी. दोन ठिकाणी वायरमननं बॉक्सच्या तारा काढून ठेवलेल्या. का? एक फेज गेली की शेतकरी कंडेन्सर टाकून दोन फेजवर मोटर ओढतात, आणि याचा बॉक्स फेज नाही म्हणून मोटर चालूच होऊ देत नाही. बॉक्स बरोबर वागत होता, पण पाण्यावाचून सुकणाऱ्या बागेला ते पटत नाही. एका बॉक्समध्ये तारेच्या भोकातून मुंग्या शिरल्या होत्या. आणि एक, वळवाच्या पहिल्या गडगडाटात गेलेला.

गेलेला बॉक्स तो सोबत घेऊन आला होता. उघडल्यावर पॉवर सप्लाय काळा पडलेला दिसला, पण दोष विजेच्या एकटीचा नव्हता. त्यानं बाजारात मिळणारा २३० व्होल्टचा छोटा सप्लाय वापरला होता. शेतातल्या स्टार्टरला बहुतेक ठिकाणी तीनच तारा येतात, न्यूट्रल नसतो. मग यानं एक फेज आणि अर्थिंगचा रॉड यांच्यामध्ये सप्लाय जोडला. हे धोक्याचं आहेच, शिवाय उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग कच्चं होतं, व्होल्टेज पडतं आणि बॉक्स आपोआप रीस्टार्ट होत राहतो. शेतकरी म्हणतो, “रेंज नाही.” सप्लाय दोन फेजांमध्ये बसवायचा, ४१५ व्होल्टच्याही बराच वर, पाचशेच्या पुढे टिकणारा घ्यायचा, पुढे फ्यूज आणि एमओव्ही (व्होल्टेजचा झटका शोषणारा भाग) लावायचा. बॉक्सला मोबाइल नेटवर्कशी जोडणारं टूजी मोड्यूल सिग्नल पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं, त्यासाठी मोड्यूलच्या अगदी पायाशी १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा. तो याच्या बोर्डावर होता, पण चार इंच लांब. जिओला टूजी नाहीच, तेव्हा पुढची खेप फोरजी मोड्यूलवर करायची हेही तिथेच ठरलं.

एक गोष्ट मात्र त्यानं मुळातच बरोबर केली होती. बॉक्सचा एक रिले (विजेवर चालणारा स्विच) स्टार्टरच्या हिरव्या बटणाला समांतर आणि दुसरा लाल बटणाच्या मालिकेत, तोही असा की बॉक्स मेला तरी संपर्क जुळलेलाच राहतो. म्हणजे बॉक्स बंद पडला तरी हातानं मोटर चालू होते. म्हणूनच सात बॉक्स बंद असूनही एकाही शेतकऱ्यानं शिवी दिली नव्हती. त्या शांततेलाच तो ‘सगळे खूश’ म्हणत होता.

मग वही. रिचार्ज शेतकऱ्यावर सोडलं तर बॉक्स मरतो आणि नाव बनवणाऱ्याचं जातं. म्हणजे सिम आपल्याच कंपनीच्या नावावर, एमटूएमचं (यंत्रांसाठीचं) घ्यायला हवं. तो नंबर १३ आकडी असतो, कॉल-एसएमएस ठरवून दिलेल्या नंबरांपुरतेच चालतात, त्यामुळे ‘कुणीही मिस्ड कॉल द्या’ ही सोय जाते, सगळं ॲपवरून करावं लागतं. अशी सेवा विकणाऱ्यांना दूरसंचार विभागाच्या २०२२ च्या नियमांनुसार नोंदणीही लागते. त्याला मिळालेलं कोटेशन होतं वर्षाला ३६० रुपये, सर्व्हरचे प्रति बॉक्स ६०. वर्षाचे ४२०.

त्याच ४,५०० चा हिशोब पुन्हा मांडला. १८ टक्के जीएसटी आतच धरला की हातात ३,८१४. दुकानदाराचे ६०० आणि बसवणाऱ्या वायरमनचे ३०० गेले, उरले २,९१४. सुटे भाग १,८७० वजा, उरले १,०४४. त्यानं दोन वर्षं ‘सगळं फ्री’ कबूल केलं होतं, त्याचे ८४० गेले. शिल्लक २०४ रुपये. तक्रारीसाठी मोटरसायकलवर एक ऐंशी किलोमीटरची फेरी झाली की तेही संपले, आणि फेरीला गेलेली सुट्टी वेगळीच. महिन्याला पन्नास विकले असते तर महिन्याला पन्नास बॉक्सची जबाबदारी वाढली असती, कमाई नाही.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे बंद करू?”

बंद करण्यासारखं काही नव्हतं. किंमत आणि वचन, दोन्ही बदलायचं होतं. सुधारलेला सप्लाय, तारेचं भोक बंद करणारी ग्लँड, सीलबंद डबी धरून सुटे भाग २,१५० वर जातात. विक्री ५,९०० ठेवली तर जीएसटी वगळून ५,०००. दुकानदार ७००, वायरमन ३००, पहिल्या वर्षाची सेवा ४२०, वॉरंटीसाठी बाजूला ६००, उरतात ८३०. दुसऱ्या वर्षापासून सेवाशुल्क जीएसटीसह ७०८, त्यातले १८० आपले. ही वसुली जूनमध्ये मागायची नाही, तेव्हा पैसा बियाण्या-खतात अडकलेला असतो. द्राक्षाचे पैसे हातात येतात तेव्हा, एप्रिलमध्ये मागायची. शुल्क थकलं तरी मोटर अडवायची नाही, फक्त मोबाइलची सोय थांबवायची.

विक्रीची जागाही चुकत होती. तो कृषी प्रदर्शनात स्टॉल लावायचा विचार करत होता. बॉक्स ठेवायला हवा तो वायंडिंगवाल्याकडे, कारण जळालेली मोटर त्याच्याच दारात येते. फेज गेली म्हणून की कोरडी चालली म्हणून जळाली, हे तो कॉइल बघून सांगतो, आणि त्या क्षणी शेतकऱ्याच्या खिशातून तसेही काही हजार जाणार असतात.

दुसरं कारण जरा दूरचं आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे गावागावांत दिवसा वीज येऊ लागली आहे आणि सरकारी सौरपंप योजनांतल्या पंपांच्या कंट्रोलरला दूरस्थ देखरेख सोबतच येते. ‘रात्री उठावं लागणार नाही’ एवढ्याच वाक्यावर उभा राहिलेला धंदा आपला फीडर (गावाला वीज पुरवणारी वाहिनी) सौरवर गेला की बसतो. ‘मोटर जळणार नाही’ हे वाक्य दिवसाही चालतं. तालुक्यातले कोणते फीडर कधी सौरवर जाणार, हे महावितरणच्या उपविभागात विचारून यायला सांगितलं.

तिथेच त्याला आणखी एक गोष्ट कळली, जी आधी कळायला हवी होती. वीज येताक्षणी मोटर आपोआप सुरू करणाऱ्या ऑटोस्विचवर महावितरणचा राग आहे, कारण एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो. याच्या बॉक्समध्येही तीच ‘ऑटो’ सोय होती. आता प्रत्येक बॉक्स एक ते दहा मिनिटांत कधीतरी, वेगवेगळ्या वेळी उठतो. बदल प्रोग्राममधल्या मोजक्या ओळींचा.

नोकरीचं उत्तर तारखेवर नव्हे, दोन आकड्यांवर ठेवलं. एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढून त्या वीस बॉक्सवर वर्षाला बॉक्समागे सरासरी एकाहून कमी फेरी पडली पाहिजे, आणि वीसपैकी किमान चौदांनी पुढचे ७०८ रुपये स्वतःहून भरले पाहिजेत. “छान आहे” म्हणायला शेतकऱ्याला काही लागत नाही.

एप्रिलअखेर अकरांनी भरले. न भरलेल्या नऊपैकी चार जणांचा फीडर सौरवर गेला होता. फेऱ्या मात्र झाल्या नऊच, त्यातल्या पाच जुन्या सप्लायवाल्या बॉक्ससाठी. नोकरी चालू आहे. पुढची तीस बॉक्सची खेप दोन वायंडिंगवाल्यांकडे ठेवायची ठरली आहे, आणि त्यांच्यापैकी एकानं अट घातली आहे की बॉक्सवर त्याच्या दुकानाचा फोन नंबर छापायचा.