अंगाला हात लावण्याआधी

(रुग्णालयातल्या आणि घरच्या शुश्रूषेविषयी वाचकांची पत्रं. उत्तरं देणाऱ्या सिस्टर पुण्यात वॉर्ड इन्चार्ज म्हणून काम करून निवृत्त झाल्या आहेत.)

प्रश्न : माझ्या आईचं (वय ७८) खुब्याचं हाड मोडलं. खाजगी रुग्णालयात ऑपरेशन झालं. परवा मी गेले तेव्हा वॉर्डबॉय पडदा न ओढताच तिचं डायपर बदलत होता. समोरच्या कॉटवर पाहुणे बसलेले. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तेव्हापासून ती पाणी पीत नाही, ‘पुन्हा तेच नको’ म्हणते. मॅनेजरशी बोलले तर म्हणाले, ‘मॅडम, हॉस्पिटलात लाज कसली?’ जास्त बोलावं तर आमच्या माघारी तिचे हाल होतील अशी भीती वाटते.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, आधी पाण्याचं, बाकी सगळं नंतर. लघवीला लागू नये म्हणून पाणी तोडणाऱ्या बायका मी वॉर्डात कायम पाहिल्यात. बहुतेक जणी ते कुणाला सांगत नाहीत. तुमच्या आईंनी सांगितलं हे फार बरं झालं. या वयात पाणी कमी पडलं की लघवीत संसर्ग होतो, शौचाला खडा होतो आणि दिवसा नीट बोलणारी बाई रात्री बरळायला लागते. घरच्यांना वाटतं, भुलीचा परिणाम असेल. ड्युटीवरच्या सिस्टरला आजच सांगा, ‘सगळ्यांदेखत डायपर बदलतील या भीतीनं आई पाणी पीत नाही.’ याच शब्दांत सांगा. ‘नीट खात-पीत नाही’ असं मोघम सांगितलंत तर सलाईन लागेल आणि लाज जिथल्या तिथे राहील.

खुब्याच्या पेशंटसाठी एका बाजूनं चपटं असलेलं लघवी-शौचाचं भांडं मिळतं, त्याला फ्रॅक्चर पॅन म्हणतात. ते मागून घ्या. कंबर फार उचलावी लागत नाही, त्यामुळे दुखतं कमी. डायपर खरंच हवंय का, हेही विचारा. ज्या बाईला लघवीची जाणीव आहे, जी सांगू शकते, तिला दुसऱ्यांच्या सोयीसाठी डायपर बांधणं मला कधीच पटलं नाही. फिजिओथेरपिस्टनं उभं करायला सुरुवात केली असेल तर कमोडची खुर्ची कॉटशेजारी आणता येते. वळवायचं कसं, पाय कसा ठेवायचा, हे मात्र त्यांनाच विचारून.

आता पडद्याचं. नवीन मावशी आणि मामा (म्हणजे आया आणि वॉर्डबॉय) वॉर्डात आले की मी त्यांना एक क्रम घालून द्यायचे. आधी पडदा. मग नाव घेऊन हाक. मग काय करणार ते सांगायचं, आणि पेशंटनं ‘हं’ म्हणेपर्यंत थांबायचं. हात त्यानंतर. चादर एकदम ओढायची नाही, वरचं अंग झाकलेलंच ठेवायचं आणि हवं तेवढंच उघडायचं. बाईच्या अंगाचं काम मावशींनी करायचं. त्या दुसरीकडे अडकल्या असतील तर पेशंटलाच विचारायचं, ‘मावशी येतायत, थांबता का, की मामांनी केलं तर चालेल?’ कित्येक जणी ‘चालेल’ म्हणतात. विचारल्यावर म्हणतात, हे महत्त्वाचं.

‘हॉस्पिटलात लाज कसली’ हे वाक्य पुण्यात तरी कुणी बोलू नये. १८९७ च्या प्लेगमध्ये गोरे शिपाई घराघरांत शिरले. बायकांना उघड्यावर तपासलं जातंय या तक्रारींनी शहर पेटलं आणि २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी चालली. साथ खरी होती, रोगी वेगळे काढणंही गरजेचं होतं, पण ते ज्या रीतीनं झालं ती रीत लोकांना सहन झाली नाही. त्याच साथीत मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला सावित्रीबाई फुल्यांनी पाठीवर घेतलं आणि हडपसरच्या बाजूला आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात आणलं. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. रोग्याला उचलून नेणं हे ज्यांना हलकं काम वाटतं त्यांना मी हे नेहमी सांगते.

तुमची भीती खोटी नाही, म्हणून तक्रार कशी करायची तेही सांगते. वॉर्डबॉयवर ओरडू नका. सकाळी ओव्हर (एका पाळीनं दुसरीला पेशंटची माहिती सोपवणं) देऊन-घेऊन झालं की, डॉक्टरांचा राउंड सुरू व्हायच्या आत, इन्चार्ज सिस्टरना गाठा. कुणाचं नाव न घेता मागणी सांगा : आईचं भांडं आणि कपडे मावशींनी करावेत, पडदा लावूनच करावेत, आणि हे फाइलवर लिहावं. लिहिलेलं पुढच्या पाळीला कळतं, नुसतं बोललेलं पाळी संपली की तिच्याबरोबर घरी जातं. तेवढ्यानं फरक पडला नाही तर लेखी अर्ज द्या. आपल्या राज्यात नर्सिंग होम नोंदणीचे सुधारित नियम जानेवारी २०२१ मध्ये आले. त्यांनुसार खाजगी रुग्णालयाला रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. खाजगीपणा आणि सन्मान तिच्यात आहे. पुरुष डॉक्टर तपासत असताना स्त्री रुग्णाजवळ एक स्त्री हजर असण्याचा हक्कही आहे. अर्जात सनदेचा उल्लेख करा. पुणे शहरात या नोंदणीचं काम महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे आहे, अर्जाची एक प्रत तिकडे जाऊ शकते. माझा अनुभव विचाराल तर नव्वद टक्के गोष्टी इन्चार्जच्या टेबलाशीच मिटतात.

आणि घरून एक कागद लिहून न्या. आईंना काय म्हणून हाक मारलेली आवडते, ऐकू कुठल्या कानानं येतं, चष्मा आणि कवळी कुठे ठेवली आहे, सकाळी चहाच्या आधी तोंड धुवायला लागतं, अंघोळीनंतर कुंकू लावायचं असतं. हा कागद कॉटशेजारच्या लॉकरवर चिकटवा. आजाराबद्दल त्यात एक अक्षर नको, तो सगळ्यांना दिसणार आहे.

प्रश्न : मी २३ वर्षांचा आहे. अटेंडंटचा कोर्स करून एका रुग्णालयात लागलो. स्पंज द्यायला (कॉटवरच अंग पुसून द्यायला) गेलो की एक आजोबा मारतात, शिव्या देतात. ते विसरतात, त्यांना मी रोज नवीन असतो. रात्रपाळीला माणसं कमी, सगळे घाई करायला सांगतात. नातेवाईक ‘ए’ म्हणून बोलावतात. मन लावून करायचं तरी कसं?
– एक कर्मचारी, हडपसर

उत्तर : तुझ्या वयाची पुष्कळ मुलं माझ्या हाताखाली तयार झाली, म्हणून तुला अरे-तुरेच करते.

आजोबा तुला मारत नाहीत. झोपेतून जागं होताच एक अनोळखी माणूस आपले कपडे सोडतोय असं त्यांना रोज वाटतं, आणि तसं वाटल्यावर तूही हात उचलशील. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचे मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर काम करताना हेच मांडलं की, या माणसांचं खचणं मेंदूच्या आजाराइतकंच भोवतालच्या वागण्यातूनही येतं. त्यांना घाई करणं, लहान मुलासारखं बोलणं, ते समोर असताना त्यांच्याबद्दल परस्पर बोलणं, यानं आजार वाढल्यासारखा दिसतो.

म्हणून समोरून जा, मागून नको. त्यांच्या नजरेला नजर येईल असा खाली वाक. रोज नाव सांग, कालचं त्यांना आठवत नाही म्हणून कंटाळू नकोस. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल आधी त्यांच्याच हातात दे आणि म्हण, ‘आजोबा, तोंड पुसता का?’ हाताला सवय असते, तोंड ते स्वतः पुसतील. बरेच जण पुसत पुसत छातीपर्यंत येतात. पाणी आधी आपल्या मनगटावर बघ. एका वेळी एकच भाग उघड, पूस, कोरडा कर, झाक. गुप्तांग शेवटी, आणि जमत असेल तर तेही त्यांच्याच हातानं. तरीही चिडले तर थांब. तोंड, काखा, जांघा, पाठ झाली आणि ओलं कापड बदललं की तेवढ्यावर दिवस निभावतो. बाकीचं संध्याकाळी. सिस्टरला मात्र सांग, आणि त्या लिहितात की नाही ते बघ. एरवी शांत असणारा म्हातारा अचानक आक्रमक झाला तर कुठेतरी दुखत असतं किंवा लघवी तुंबलेली असते. ते आधी तुझ्याच लक्षात येईल, कारण त्यांच्या अंगाशी सगळ्यात जास्त वेळ तूच असतोस.

ट्रॉली ढकलतानाही सांगते. पाय पुढे, डोकं तुझ्याकडे. चादर छातीपर्यंत, गाऊनची मागची नाडी बांधलेली. लिफ्ट येईपर्यंत ‘आता एक्स-रेला चाललोय’ एवढं बोल. छताकडे बघत जाणाऱ्याला आपण कुठे चाललोय ते कळत नाही आणि फार भीती वाटते. डोक्यावरून दुसऱ्या मामाशी मॅचच्या गप्पा नकोत. लघवीची पिशवी पेशंटच्या पोटावर ठेवून नेतात ते तू करू नकोस, ती मूत्राशयाच्या खालीच राहिली पाहिजे. आणि सगळ्या लोकांसमोरून ती नेताना वर एक टॉवेल टाक.

केट ग्रेंजर नावाची इंग्लंडमधली तरुण डॉक्टर कॅन्सर झाल्यावर २०१३ मध्ये स्वतः रुग्णालयात पडली. तिच्या लक्षात आलं की उपचार करणारे येतात-जातात, पण आपलं नाव सांगत नाहीत. नाव सांगितलं ते तिला वॉर्डात नेणाऱ्या पोर्टरनं. त्यावरून तिनं ‘नमस्कार, माझं नाव अमुक’ अशी मोहीम सुरू केली आणि २०१६ मध्ये जाईपर्यंत चालवली. तो पोर्टर तुझंच काम करत होता. तूही कॉटपाशी गेलास की आधी नाव सांग. नातेवाईकांनाही सांग. नाव कळल्यावर ‘ए’ म्हणणारे बरेच कमी होतात. सगळे नाहीत होणार.

घाईबद्दल मी तुझ्यावर काही ढकलणार नाही. पडदा ओढायला, नाव सांगायला क्षण लागतो, तो तू दिलाच पाहिजेस. पण एका माणसानं रात्रभर सगळ्या वॉर्डाचं उलटं-सुलटं करायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची आणि ट्रॉल्याही न्यायच्या, हे चांगुलपणानं भरून निघत नाही. कुणाची कूस बदलायची राहिली ते ओव्हर देताना सांगत जा, लिहायला लाव. एकाच कुशीवर पडून होणाऱ्या पाठीच्या जखमा मोजल्या जातात तेव्हाच व्यवस्थापन माणसं वाढवतं, आणि त्यांनी ती वाढवलीच पाहिजेत. तुम्हाला बसायला खोली, प्यायला पाणी आणि वेळेवर पगार मिळत नसताना पेशंटशी गोड बोला असं भिंतीवर लिहिणाऱ्या व्यवस्थापनाचा मला मनापासून राग येतो.

प्रश्न : डिस्चार्जच्या वेळी मावशी-मामा दारात उभे राहतात. पैसे द्यावेत का?
– एक वाचक, धनकवडी

उत्तर : देऊ नका. ज्याच्याकडे नसतात त्याच्या पेशंटला भांडं उशिरा मिळायला लागतं, हे मी पाहिलंय. त्याऐवजी अभिप्रायाच्या वहीत नाव आणि काम लिहा : ‘सुमनमावशींनी रात्री आईची पाठ चोळून दिली’ असं नेमकं. कंत्राटी मावशींचं काम चालू ठेवायचं की नाही हे ठरवताना तो शेरा कामी येतो. वॉर्डात सगळ्यांना मिळून काही खायला द्यायचं असेल तर इन्चार्जना विचारून द्या.

माणूस गेल्यावर शव आवरायला कुणी पैसे मागितले तर मात्र तिथेच नकार द्या आणि वर कळवा. डोळे मिटणं, हनुवटी बांधणं, नळ्या काढून अंग पुसणं, हे त्या माणसाच्या सेवेतलं शेवटचं काम आहे आणि ते ड्युटीतच येतं. बिल थकलं म्हणून शव अडवून ठेवणंही रुग्णहक्कांच्या सनदेत बसत नाही.

प्रश्न : बाबांसाठी रुग्णसेवक पुरवणाऱ्या ब्युरोतून २४ तासांचा माणूस ठेवला आहे. सेवा चांगली करतो, पण परवा बाबांना भरवतानाचा व्हिडिओ त्यानं स्टेटसला ठेवला. बोलावं का?
– एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : आजच बोला. हेतू वाईट नसेल, त्याला आपल्या कामाचा अभिमान वाटला असेल, तेही त्याला सांगा. पण तोंडातून वरण ओघळतानाचं चित्र बाबांनी स्वतः कधी कुणाला दाखवलं असतं का, हे त्याला विचारा. व्हिडिओ त्याच्या फोनमधूनही काढून टाकायला सांगा. जखम किंवा सूज डॉक्टरांना दाखवायची असेल तर फोटो तुमच्या फोनवर काढायचा, तोही बाबांना विचारून. ब्युरोला हे लेखी कळवा, म्हणजे बदली माणूस आला तरी नियम तोच राहील. आणि बाबांना कळत असेल तर हे सगळं बोलणं त्यांच्या खोलीत, त्यांच्यासमोर करा.