स्ट्रिंगमधल्या संख्यांची बेरीज ४० यायला हवी, पायथन १३ का दाखवतो?

तुमची स्ट्रिंग 'क५ख१०ग२५'. हवेत ४०, आणि इझडिजिटने (isdigit, अक्षर अंक आहे का ते सांगणारं) एकेक अक्षर तपासून मिळवत गेलात तर येतात १३.

१३ बरोबरच आहेत. पाच, एक, शून्य, दोन, पाच, करून बघा. तुम्ही अंकांची बेरीज केलीत, हवी होती संख्यांची. लूपच्या हातात एका वेळी एकच अक्षर असतं. १ च्या शेजारी ० उभा आहे हे त्याला कळणार कुठून?

दोन व्हेरिएबल घ्या, 'चालू' आणि 'एकूण'. सुरुवातीला दोन्ही शून्य. अक्षर अंक निघाला की 'चालू'ला दहाने गुणायचं आणि त्या अंकाचं इंट (int, म्हणजे अक्षराची संख्या) करून त्यात मिळवायचं. १ आला, चालू १. मग ० आला, चालू १०. म्हणजे एककाच्या घरातला १ दशकाच्या घरात सरकला, पाटीवर सरकायचा तसाच. अंक सोडून दुसरं काही आलं की 'चालू' एकूणमध्ये टाकायचं आणि पुन्हा शून्य करायचं.

आता इथे मी स्वतः तोंडावर पडलो होतो. बेळगावात रविवार पेठेत बाबांचं किराणा दुकान आहे. गिऱ्हाइकांच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, तेव्हा टेम्पोत एकूण किती किलो चढवायचं ते काढणारा प्रोग्राम मी मोठ्या ऐटीत लिहून दिला. पहिलीच यादी 'साखर५०गूळ१०तांदूळ२५'. प्रोग्राम म्हणाला ६०. बाबांनी कानावरची पेन्सिल काढून पुडीच्या कागदावर ८५ लिहिले आणि म्हणाले, "तांदूळ कुठं गेला? काय शिकायलास रे कॉलेजात?"

तांदूळ 'चालू'मध्येच पडून होता. २५ नंतर अक्षरच नाही, मग तो एकूणमध्ये टाकणार कोण? लूप संपल्यावर, लूपच्या बाहेर, 'चालू' आणखी एकदा मिळवा. ही एक ओळ जवळजवळ सगळेच विसरतात.

आमच्याकडे आणखी एक भानगड. याद्या मराठीत येतात तशा कन्नडमध्येही येतात, आणि काही जण आकडेही कन्नड लिपीतले टाकतात. पायथनला त्याचं काही नाही. इझडिजिट आणि इंट दोघांनाही देवनागरी अंक कळतात, कन्नडही कळतात. सीमावाद त्यांच्यापर्यंत पोचलेला नाही. पण काही जण शिकवतात तसं ऑर्ड (ord, अक्षराचा युनिकोडमधला क्रमांक) घेऊन त्यातून ४८ वजा करू नका. ते फक्त इंग्रजी अंकांना चालतं. देवनागरी ५ चा ऑर्ड २४११ आहे, म्हणजे पाच किलो साखरेची २३६३ किलो होईल.

आणि संख्या कुठे संपली हे इझअल्फाने (isalpha, अंक-चिन्ह नव्हे तर वर्णाक्षर आहे का ते सांगणारं) ओळखायला जाऊ नका, 'अंक नाही' एवढंच तपासा. 'गूळ'मधला ऊकार पायथनला वेगळं अक्षर दिसतो, आणि इझअल्फा त्याला नाही म्हणतं.

हा प्रोग्राम दशांश चिन्हापाशी मात्र फसतो. २.५ लिहिलंत तर दोन आणि पाच वेगळे धरून सात करेल. मी ते अजून दुरुस्त केलेलं नाही, कारण आमची गिऱ्हाइकं 'अडीच' असं अक्षरातच लिहितात, आणि तो अडीच बाबा पेन्सिलनेच मिळवतात.